कोस तेवढेच, वेळ निराळा



मागे बैठकीत एकीने विचारलं, "ताई, विमानाने मुंबई किती दूर?" मी म्हटलं, "नागपूरहून दीड तास." ती हसली. "आम्हाला इथून आलापल्लीला जायला तेवढाच वेळ लागते!" तिच्या या बोलण्यातच आजचा विषय आहे.

मुंबई आणि नागपूर जागचे हलले नाहीत. मधला वेळ मात्र आटत गेला. बैलगाडी दिवसाला वीस किलोमीटर चालली, तर आठशे किलोमीटरला चाळीस दिवस लागणार. 1867 मध्ये नागपूरला रेल्वे आली आणि आठवड्यांचा प्रवास तासांवर आला. आता समृद्धी महामार्गाने 701 किलोमीटर साधारण आठ तासांत होतात.

विमानाची गोष्ट पत्रांपासून सुरू झाली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एक छोटं विमान मुंबईत जुहूला उतरवलं. पुढे 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्री नागपुरात भेटायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परतायची. मद्रासचं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत! आपलं नागपूर देशाच्या मधोमध आहे, म्हणून हा मान त्याला मिळाला.

त्याच नागपूरपासून आपलं भामरागड रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे मुंबईच्या निम्म्यानेही नाही. तरी पूर्ण दिवस जातो. 1973 मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा नद्यांवर पूल नव्हते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने वाट बंद असायची. कचेरीचं काम निघालं तर चंद्रपूर गाठावं लागे, कारण गडचिरोली जिल्हा झाला तो 26 ऑगस्ट 1982 ला. आता एसटी आहे, दवाखाना आहे. पण पर्लकोटेला पूर येऊन पुलावरून पाणी गेलं, की आपला तालुका पुन्हा बेट होतो.

अशा पुरात अडलेल्या रुग्णांना हेलिकॉप्टरने गडचिरोलीला नेल्याचं आपण पाहिलं आहे. रस्त्याने 180 किलोमीटर आणि पाच तास. आकाशातून शंभरेक किलोमीटर आणि अर्धा-पाऊण तास. पण ढग दाटले तर तेही उडत नाही. म्हणून त्याच्या भरवशावर बाळंतपण ठेवायचं नाही.

आपल्या हातात काय आहे? अंतर कमी करणं नाही, पण वेळ आधी धरणं आहे. मृग लागण्याआधीच्या बैठकीत बचतीसोबत आणखी एक हिशोब मांडा: आपल्या गावात आषाढ-श्रावणात कोणाचे दिवस भरतात? आशाताईंना विचारून तिला आठवडाभर आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात पोचवा. घरची गुरं, मोठी लेकरं गटातल्या बायांनी वाटून घ्या.

थैली पहाटे पोचावी म्हणून चार शहरांची विमानं रात्रभर जागायची. आपल्या लेकीसाठी आपण पाणी चढायच्या आधी जागं व्हायचं.