अर्थ अवर आणि मुंबईची वीज
अर्थ अवर हा सहसा मार्चअखेरच्या शनिवारी रात्री ८:३० ते ९:३० या वेळेत अनावश्यक दिवे स्वेच्छेने मालवण्याचा प्रतीकात्मक उपक्रम आहे. तो २००७ साली सिडनीत सुरू झाला. भारत २००९ मध्ये त्यात सहभागी झाला.

मुंबईत घोडपदेवसह जुन्या गिरणगावाला बेस्ट वीजपुरवठा करते. टाटांचे खोपोली जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाल्यावर येथील अनेक कापडगिरण्यांनी कोळशावरची वाफेची यंत्रे सोडली. कोळशाकडून पाण्याकडे जाण्याचा हा टप्पा परिसराने शतकापूर्वीच पाहिला. पुढे मात्र मागणी वाढली आणि ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्रामुळे जळणावरची वीज पुन्हा आली.

तासभराच्या अंधाराने औष्णिक संच बंद होत नाहीत. ते थंड होऊन पुन्हा पूर्ण क्षमतेने चालण्यास कित्येक तास लागतात, त्यामुळे त्यांचे उत्पादन केवळ कमी केले जाते. जलविद्युत संच मात्र काही मिनिटांत खाली-वर करता येतात. याचा प्रत्यय वेगळ्या निमित्ताने आला. कोविड टाळेबंदीत, ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याच्या पंतप्रधानांच्या आवाहनानंतर देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने घसरली. तेव्हा ग्रीडचा तोल राखण्यासाठी मुख्यतः जलविद्युत केंद्रांचे उत्पादन झपाट्याने घटवून पुन्हा वाढवण्यात आले.