चीवर : शब्द, अर्थ आणि वापर

भिक्खू-भिक्खुणींच्या वस्त्राला पालीत आणि आपल्या मराठीतही चीवर म्हणतात. फलकांवर ‘चिवर’ लिहिलेले दिसते. मूळ शब्दातला ‘ची’ दीर्घ आहे. बातम्यांत त्याचे सर्रास ‘भगवी वस्त्रे’ नाहीतर ‘कफनी’ होते. आम्ही हे दोन्ही शब्द टाळतो. कफनी हा गळ्यातून घालायचा पायघोळ अंगरखा. चीवर हे अंगाभोवती गुंडाळायचे सैल, चौकोनी वस्त्र.

चीवरे तीन, म्हणून ‘तिचीवर’. कमरेला अंतरवासक, वर पांघरायला उत्तरासंग आणि थंडीसाठी दुहेरी संघाटी. भिक्खुणींना याखेरीज छाती झाकणारे संकच्चिका आणि स्नानाचे उदकसाटिका, अशी एकूण पाच.

रंगाचा शब्द वेगळा आहे : कासाव, संस्कृतात काषाय. मुळे, साल, पाने, फुले उकळून त्यात कापड रंगवत, त्यामुळे एकच छटा कधी ठरलेली नव्हती. थायलंड-श्रीलंकेत केशरी ते तपकिरी, म्यानमारमध्ये गडद तांबडा. हाच शब्द चीनमार्गे जपानात पोहोचून ‘केसा’ झाला. पालीत ‘कसाव’ म्हणजे चित्ताचा मळसुद्धा. धम्मपदाच्या यमकवग्गात या दोन अर्थांची सांगड घातली आहे. रंगाला ‘भगवा’ म्हटले की हे सगळेच हरवते.

सुरुवातीला भिक्खू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या वेचून जोडत. ते पांसुकूल चीवर. पुढे जीवक वैद्याने उंची वस्त्र अर्पण केले, तेव्हा भगवंतांनी गृहस्थांकडून चीवर घ्यायला परवानगी दिली. पण नवे कापडही कापून, तुकडे जोडूनच वापरायचे. मगधातली बांध घातलेली शेते दाखवून भगवंतांनी तशी रचना करायला सांगितले आणि आनंदाने ती बसवली. कापलेल्या कापडाचा चोरालाही मोह होत नाही. ही हकिकत महावग्गाच्या चीवरक्खंधकात आहे.

वर्षावास संपल्यावर आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत कठिण चीवरदान होते. यातला ‘कठिण’ म्हणजे अवघड नव्हे. चीवर शिवताना कापड ताणून धरायची ती चौकट. अनेक विहारांत या महिन्यात तयार, पॉलिस्टरच्या चीवरांचे ढीग लागतात, हे आम्हाला खटकते. कठिणाची सवलत सोडली तर जादा चीवर तसेच दहा दिवसांहून अधिक ठेवायला विनयाची मनाई आहे. भिक्खूच्या चार गरजांत चीवराबरोबर भोजन, निवास आणि औषधही येते. तेव्हा दान देण्याआधी विहारात विचारावे : भन्तेजी, काय कमी आहे?

चुल्लवग्गात उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे उत्तरासंग दिल्याचा प्रसंग आहे. इतक्यांचे करणार काय, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटू, आनंद म्हणाले. मग जुन्यांचे? पलंगपोस. ते जुने झाले की गादीची खोळ, मग जमिनीवर अंथरायला, मग पायपुसणी, मग झटकणी. आणि शेवटी उरलेल्या चिंध्या कुटून, चिखलात मिसळून जमीन सारवायला.