आवाज केव्हा येतो?

आमच्या काकांच्या फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला, तेव्हा घरात प्रत्येकाचं वेगळं निदान होतं. काकू म्हणाल्या, "विका आता ती एकदाची." चुलतभाऊ म्हणाला, बेअरिंग. फोंड्यातल्या दोन गॅरेजवाल्यांनीही बेअरिंगच सांगितलं, आणि एकाने ते बदलूनही दिलं. पैसे गेले, आवाज राहिला. त्यात काकांच्या नातीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. नवरीने याच गाडीतून म्हार्दोळला महालसेच्या देवळात जायचं, हा काकांचा हट्ट. आता करायचं काय?

ही गाडी माझ्या आजोबांनी १९५९ साली घेतली. गोव्याबाहेरच्या वाचकांना प्रश्न पडेल की, त्या काळात गोव्यातल्या मध्यमवर्गीय घरात जर्मन गाडी आली कशी? तर त्याचं कारण पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या सहा-सात वर्षांत आहे. १९५५ च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे तुटली. पण मुरगाव बंदर चालू होतं. तिथून खनिज बाहेर जात होतं आणि त्या पैशावर परदेशी माल आत येत होता. सीमेपलीकडे भारतात आयातीवर कडक निर्बंध. अॅम्बॅसेडर किंवा फियाट मिळाली तरी नशीब. आणि इकडे गोव्यात मर्सिडीज १८० डी टॅक्सी म्हणून धावत होती! तीच गोष्ट स्टिअरिंगची. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली, पण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान असल्यामुळे गोवा डाव्याच बाजूने चालत राहिला. आमची बीटलही म्हणूनच उजव्या स्टिअरिंगची.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. आनंद झालाच, पण गाडीवाल्यांच्या पुढ्यात एक नवा प्रश्न उभा राहिला. गाड्या इथे होत्या, सुटे भाग समुद्रापलीकडे. आता भारताचे आयात नियम लागू झाले. तेव्हापासून गोव्यातल्या मेस्तांनी (इथे मिस्त्रीला मेस्त म्हणतात) या गाड्या कशा जगवल्या, हा एक न लिहिला गेलेला इतिहास आहे. त्याचं एक पान मला त्या चाकाच्या आत सापडलं.

शेवटी कोणीतरी मडगावकडच्या एका म्हाताऱ्या मेस्तांचं नाव सुचवलं. लहानपणापासून मर्सिडीज टॅक्सींखाली आयुष्य गेलेला माणूस. आता हाताला कंप आहे, गॅरेज मुलगा बघतो. काकांनी आवाजाचं वर्णन सुरू केलं : "मागच्या डाव्या बाजूने, अगदी खालून..." मेस्तांनी हात वर केला. म्हणाले, "आवाज खंय येता तें सांगूं नाका, केन्ना येता तें सांगात." कुठून येतो ते नको, केव्हा येतो ते सांगा.

मग त्यांनी आम्हाला जे समजावलं, ते जुनी गाडी बाळगणाऱ्या सर्वांसाठी इथे लिहून ठेवतो. वेगाबरोबर चढत जाणारी, वळणावर कमी-जास्त होणारी घुंईऽऽ अशी घरघर असेल तर बेअरिंगवर संशय घ्यावा. चाकाच्या दर फेऱ्याला एकदा 'खर्र' होत असेल तर ब्रेकचा ड्रम वाकडा झालेला असतो. नुसता खुळखुळाट असेल तर आधी चाकाची टोपी काढून बघावी, आत खडा असतो. चाकाचे बोल्ट तर सर्वांत आधी तपासावेत. पण गाडी सुटताना एक 'टक्', रिव्हर्स घेताना एक 'टक्', आणि मध्ये सगळं शांत, असं असेल तर? म्हणजे इंजिनाच्या जोराची दिशा बदलते तेव्हाच आवाज येतो. कुठेतरी दोन भाग एकमेकांत सैल बसले आहेत.

काका म्हणाले, "आमचा हाच." गंमत अशी की तोपर्यंत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं.

बीटलचं मागचं चाक कसं बसतं ते थोडक्यात सांगतो. अॅम्बॅसेडर किंवा फियाटला मागे एक सलग एक्सल असतो. बीटलला गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना दोन अर्धे एक्सल असतात आणि ते पंखांसारखे वर-खाली झुलतात. ही कल्पना एडमंड रुम्पलरची, १९०३ ची. पोर्शेने ती १९३० च्या दशकात जर्मन 'लोकांच्या गाडी'ला लावली. एक्सलच्या टोकाला उभ्या खाचा असतात, त्यांत ब्रेकचा ड्रम बसतो, ड्रमवर चाक. आणि हे सगळं दाबून धरतो एकच मोठा नट, ३६ मिलिमीटरचा. तो किती आवळायचा? ३० किलोग्रॅम-मीटर. म्हणजे साठ किलोच्या माणसाने नटापासून अर्ध्या मीटरवर पान्याच्या दांड्यावर उभं राहायचं, इतका! तेवढा आवळला नाही तर ड्रम खाचांत हलतो, दर धक्क्याला खाचा ठोकून ठोकून खाऊन टाकतो. खाचा पार गेल्या तर एक्सल आत नुसता फिरतो आणि गाडी जागची हलत नाही. नट सुटला तर ड्रमसकट चाकच बाहेर येतं. आणि याच गाडीत नवरी बसणार होती.

मेस्तांनी मुलाला टोपी काढायला सांगितली. नटाभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी होती. लोखंड लोखंडावर घासलं की पडते तशी. मग ड्रमवरून नटावर खडूने एक सरळ रेघ ओढली, हँडब्रेक घट्ट लावला. हँडब्रेक मागचे ड्रमच पकडतो, त्यामुळे ड्रम हलायला नको. मुलाने पहिला गिअर टाकून क्लच किंचित सोडला, मग रिव्हर्स टाकून तसंच. ड्रमवरची रेघ जागेवर राहिली, नटावरची पुढे-मागे सरकली. 'टक्'. निदान पाच मिनिटांत झालं होतं.

ड्रम काढला तेव्हा खाचांत एक पातळ पितळी पट्टी निघाली. कोण्या जुन्या मेस्ताने कधीतरी झिजलेल्या खाचांतली फट तिने भरली होती. बेअरिंग बदलणाऱ्यानेही ती पाहिली असणार आणि मुकाट्याने परत बसवली असणार. मला राग आला. मेस्त हसले. म्हणाले, तेव्हा ड्रम मिळत कुठे होता? पट्टी घालायची नाही तर गाडी कोंबड्यांना द्यायची. मग जरा थांबून म्हणाले, पण पट्टीने आवाज बंद होतो, झीज नाही.

घरी आल्यावर आजोबांची वही काढली. गाडीचा सगळा हिशेब त्यात आहे. १९६१ पर्यंत पोर्तुगीजमध्ये, पुढे मराठीत. १९६० च्या एका नोंदीत 'पोर्का' आवळल्याचं लिहिलंय. पोर्तुगीजमध्ये पोर्का म्हणजे डुक्करीण, आणि पोर्का म्हणजे नटसुद्धा! काकू हसून हसून बेजार. पण पुढे १९७१ ला मराठीत चार शब्द सापडले : "मागील डावा, पट्टी घातली." म्हणजे आजोबांना ते ठाऊक होतं. तात्पुरता म्हणून केलेला इलाज पन्नासहून जास्त वर्षं चालला, आणि मधल्या काळात तो इलाज होता हेच सगळे विसरले.

आता ड्रम मिळतो. बीटल २००३ पर्यंत मेक्सिकोत बनत होती, एकूण दोन कोटी पंधरा लाखांवर गाड्या निघाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही बनतात. एक्सलच्या खाचा सुदैवाने वाचल्या होत्या. नवा ड्रम बसला. नट आवळताना चाक जमिनीवर ठेवलं, कारण जॅकवर एवढा जोर लावला तर गाडी पडते. दांड्यावर मी उभा राहिलो; माझं वजन अठ्ठावन्न, तेव्हा मेस्तांनी मला बोटभर बाहेर सरकवलं. कॉटर पिनचं भोक जुळेना, तर नट मागे सोडायचा नाही, पुढेच न्यायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं. पाचशे किलोमीटरनंतर परत तपासायलाही सांगितलं.

लग्नाच्या दिवशी गाडी म्हार्दोळला पोचली. सुटताना काकांनी काच खाली करून कान दिला. काही नाही.

संध्याकाळी त्यांनी वही मागून घेतली आणि तारीख घालून लिहिलं : "मागील डावा. नवा ड्रम. पट्टी काढली." ती पट्टी त्यांनी त्याच पानात ठेवली आहे.