झेंडूचे माहेर

आईचा जन्म दसऱ्याचा. ती गेली त्या वर्षी बेळगावच्या आमच्या घराला तोरण लागले नाही. वर्षश्राद्ध व्हायचे होते, म्हणून सण नव्हता. नेमके तेव्हाच बडोद्याहून भाचीचे पत्र आले. ‘मामा, पाश्चात्त्यांत प्रत्येक जन्ममासाला एक फूल असते. आजीचा ऑक्टोबर, आणि त्याचे फूल म्हणजे आपला झेंडूच!’

त्या ‘आपला’ शब्दाशी मी अडखळलो आणि झेंडूचे माहेर शोधू लागलो.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. सोळाव्या शतकापूर्वी तो आपल्याकडे नव्हताच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो या किनाऱ्याला लागला, असे मानले जाते. इंग्रजांचे मूळचे ‘मेरीगोल्ड’ म्हणजे कॅलेंडुला; मेरीमातेचे सोने असा त्या नावाचा अर्थ. पुढे तेच नाव मेक्सिकोहून आलेल्या या पाहुण्यालाही चिकटले आणि ऑक्टोबरचा मान दोघांत वाटला गेला. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजांनी फुलांची जी सांकेतिक भाषा रचली, तीत मेरीगोल्डचा अर्थ दिला होता ‘शोक’. दसऱ्याच्या फुलाला हा अर्थ! मला तो मुळीच रुचला नाही.

परंतु मेक्सिकोची हकीकत वाचली आणि मन निवले. तिथल्या नाहुआत्ल भाषेत या फुलाचे नाव ‘वीस फुले’ अशा अर्थाचे आहे. वीस म्हणजे पुष्कळ. नाव अगदी शास्त्रशुद्ध आहे, कारण झेंडूची आपण जिला पाकळी म्हणतो, ती एकेक स्वतंत्र फूलच असते. गुजरातेत गलगोट्याला हजारीगलही म्हणतात. तिकडचे वीस, इकडचे हजार!

1521 साली स्पॅनिश सैन्याने अॅझ्टेकांची राजधानी घेतली. देवळे पडली, देव बदलले. फूल मात्र टिकले. आजही 1 व 2 नोव्हेंबरला तिथे मृतांचा सण असतो. घरोघरी वेदी मांडून गेलेल्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. त्या रंगाच्या नि वासाच्या खुणेने आपली माणसे घर ओळखून येतात, अशी श्रद्धा आहे. 2008 साली युनेस्कोने या प्रथेची मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

आपल्याकडे तोच झेंडू शस्त्रांना, वहीखात्यांना, नांगराला चढतो. कानडीत तो चेंडू हूवु, तेलुगूत बंती. बेळगावच्या बाजारात कानडी फूलवाली आणि मराठी गिऱ्हाईक एकाच ढिगाशी घासाघीस करतात. चार-पाचशे वर्षांत हे परके फूल इतके घरचे झाले, की त्याच्यावाचून दारच ओके वाटावे. सून माहेरचे नाव टाकून येते आणि काही वर्षांनी घर तिच्याच नावाने ओळखले जाते, तसेच हे. आईही तशीच आली होती.

त्या दिवाळीत दाराला तोरण बांधले नाही. रीत मोडायची नव्हती. फक्त लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दोन झेंडू कुसकरले आणि उंबऱ्यापासून आईच्या तसबिरीपर्यंत पाकळ्या टाकल्या. पत्नीने पाहिले, काही विचारले नाही. थोड्या वेळाने तिने तिथे एक पणती आणून ठेवली.