तळटीप : बिब्बा

१. बिब्बा : संस्कृत भल्लातक, आंबा-काजूच्या कुळातला वृक्ष. चरकसंहितेत याची गणना रसायनांत आहे. फळाच्या सालीतले तेल हवेत काळे पडते. धोबी त्याने कपड्यांवर खुणा करीत. हे तेल कातडीवर उतते, फोड येतात. म्हणून वैद्य बिब्बा शोधन करूनच देतात. आतली गोडंबी मात्र लाडवांत घालतात. लेखकाने येथे बिब्बा गाठींवर गुणकारी म्हटला आहे. त्याच्या अर्कामुळे प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावल्याचे आणि उंदरांमध्ये यकृतातील गाठींना आळा बसल्याचे आढळले आहे. पण माणसांवरील मोठ्या चाचण्यांचा आधार या उपचाराला नाही. गाठ हाताला लागली, तर वाचकांनी बिब्ब्यावर विसंबू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे.