प्लगच्या रंगाकडून लॅम्डाच्या आकड्याकडे

कार्बोरेटरच्या काळात शर्यतीच्या गाडीचे हवा-पेट्रोलचे मिश्रण जुळवले जाई ते स्पार्क प्लगचा रंग पाहून. नवे प्लग लावून गाडी पूर्ण थ्रॉटलवर पळवायची, भर वेगातच इग्निशन तोडून क्लच दाबायचा आणि गाडी तशीच कडेला घ्यायची. मग प्लग काढून त्याचे चिनीमातीचे टोक न्याहाळायचे. त्यावर काजळी असली तर पेट्रोल जास्त, ते पांढरेफटक असले तर पेट्रोल कमी, आणि फिकट तपकिरी असले तर मिश्रण योग्य. इंजिन थोडा वेळ जरी नुसते फिरत राहिले तरी खरा रंग पुसला जाई, म्हणून इग्निशन तोडण्याची शिस्त कडक असे. या कामात मुरलेल्या मेकॅनिकची नजर विलक्षण असे, पण ती दुसऱ्याला देता येत नसे. शिवाय अंदाज चुकला तर थेट पिस्टनला भोक पडे.

ही नजर आकड्यात उतरवणारा सेन्सर मात्र शर्यतीतून आला नाही. त्याचे मूळ जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांच्या कामात आहे. दोन बाजूंना एखाद्या पदार्थाचे प्रमाण वेगळे असले तर किती विद्युतदाब तयार होईल, हे सांगणारे समीकरण त्यांनी १८८९ मध्ये मांडले. पुढे १८९७ च्या सुमारास त्यांनी झिर्कोनियात यिट्रिया मिसळून दिव्याची कांडी बनवली. तापल्यावर हाच पदार्थ ऑक्सिजनचे आयन वाहून नेतो. त्याच्या एका अंगाला बाहेरची हवा आणि दुसऱ्या अंगाला एक्झॉस्टचा वायू ठेवला की सेन्सर तयार होतो.

तो मोटारीत आला कायद्याच्या रेट्यामुळे. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने मोटारींचे प्रदूषण ९० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन घातले आणि कॅलिफोर्नियाचे नियम त्याहून कडक होते. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींवर एकाच वेळी काम करणारा उत्प्रेरक परिवर्तक तेव्हा आकाराला येत होता. पण १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा, या प्रमाणाच्या अगदी लगतच तो नीट चाले. या प्रमाणालाच लॅम्डा १ म्हणतात. ते चालत्या गाडीत सतत सांभाळायला बॉश कंपनीचा हा सेन्सर उपयोगी पडला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्वो गाड्यांत तो प्रथम बसवला गेला. १९८२ पासून त्यात हीटर आला. शिशामुळे सेन्सर आणि परिवर्तक दोन्ही निकामी होतात, त्यामुळे जिथे परिवर्तक गेला तिथे शिसेविरहित पेट्रोलही जावे लागले. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांतल्या नव्या गाड्यांपासून याची सुरुवात झाली.

कारखान्याच्या या सेन्सरच्या तारांना दिव्यांची पट्टी जोडून मिश्रण पाहण्याची टूम हौशी मंडळींत निघाली. तिचा उपयोग बेताचाच होता. हा सेन्सर ०.४५ व्होल्टच्या आसपास एकदम उडी मारतो. मिश्रण १४.७ च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच तो खात्रीने सांगतो. टर्बो इंजिनाला पूर्ण जोरावर लॅम्डा ०.८ च्या आसपास, म्हणजे पेट्रोल जास्त, लागतो. तिथे हवेच्या १३ आणि ११ या प्रमाणांतला फरक त्या पट्टीवर जवळजवळ दिसतच नसे, आणि तापमान बदलले की तोही हले.

उपाय पुन्हा शर्यतीबाहेरून, इंधनबचतीतून आला. १९९२ च्या होंडा सिव्हिक व्हीएक्समध्ये मुद्दाम पातळ, म्हणजे कमी पेट्रोलच्या, मिश्रणावर चालणारे इंजिन होते, आणि त्यासाठी एनटीकेचा वाइडबँड सेन्सर वापरला गेला. वाइडबँडमध्ये नेर्न्स्टच्या पेशीला दुसरी, पंपाची पेशी जोडलेली असते. मधल्या बारीक पोकळीतला ऑक्सिजन नेहमी ठरावीक राहावा म्हणून ती तो बाहेर काढते किंवा आत घेते. त्यासाठी लागणारा प्रवाह मोजला की मिश्रणाचा नेमका आकडा मिळतो. २००० नंतर या सेन्सरसाठी स्वस्त कंट्रोलर निघाले, आणि प्रयोगशाळेतले मोजमाप घरच्या गॅरेजात आले.

हा सेन्सर बसवण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. एक्झॉस्ट नळीला भोक पाडून १८ मिमी आट्यांची बैठक वेल्ड करतात, तीही नळीच्या वरच्या अंगाला. खाली बसवली तर थंड गाडी चालू करताना साचलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकला तडा देते. टर्बो असेल तर बैठक टर्बोनंतर आणि परिवर्तकाच्या आधी. तिच्या अलीकडे नळीला गळती असली तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ भासते आणि ट्यूनर नको तेवढे पेट्रोल वाढवतो. हीटरला बराच प्रवाह लागतो, म्हणून कंट्रोलरचे अर्थिंग इंजिनाच्या संगणकाच्या अर्थिंगपाशीच घ्यावे. ०-५ व्होल्टवर १० ते २० हे प्रमाण मांडले असेल, तर अर्थिंगमधल्या ०.१ व्होल्टच्या फरकाने आकडा ०.२ ने चुकतो. बॉशच्या एलएसयू या वाइडबँड मालिकेत प्रत्येक सेन्सरचा जुळवलेला रोध त्याच्या कनेक्टरमध्येच असतो. भोकातून तार ओवायची म्हणून कनेक्टर कापणाऱ्याने सेन्सरची मोजणीच बिघडवलेली असते.

एलएसयू ४.२ हा सेन्सर जुना होत जाई तसा अधूनमधून काढून मोकळ्या हवेत जुळवावा लागे. नंतरच्या ४.९ मध्ये बाहेरच्या हवेऐवजी पंप केलेला ऑक्सिजनच आधार म्हणून वापरला जातो, त्यामुळे हे काम बरेच कमी झाले. शिसेयुक्त रेसिंग पेट्रोलने मात्र दोन्हींचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि वीज न देता चालत्या एक्झॉस्टमध्ये ठेवलेला सेन्सर काजळीने बुजतो.