परतीचा जून

पहिल्या वर्षाचा गोंधळ आणि शेवटच्या वर्षाचा निरोप यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. अमेरिकेत या वर्षाच्या विद्यार्थ्याला 'सॉफोमोर' असे स्वतंत्र नाव आहे, आणि शहाणा व मूर्ख अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांशी त्याचे नाते सांगितले जाते. आपल्या 'दीडशहाणा' या शब्दाने ते काम झाले असते, पण आपण 'एस. वाय.' या दोन अक्षरांवर भागवले. असो. या वर्षाचे खरे वैशिष्ट्य शहाणपणात नसून परतण्यात आहे, असे आम्हांस वाटते. पहिल्या वर्षी विद्यार्थी महाविद्यालयात जातो, दुसऱ्या वर्षी तो परत जातो. सुट्टी संपते, पाऊस सुरू होतो, आणि फाटक, जिना, सूचनाफलक हे सारे होते तिथेच असणार हे त्याने मनाशी धरलेले असते. एका पिढीच्या बाबतीत हे खोटे ठरले. ते पुन्हा खरे होण्यास उल्हासनगरात काय काय घडावे लागले, ते येथे पाहावयाचे आहे.

त्यासाठी 'इंटर' हा आता विस्मृतीत गेलेला शब्द आठवावा लागेल. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या रचनेत मॅट्रिकनंतर फर्स्ट इयर, इंटर, ज्युनियर आणि सीनियर अशी चार वर्षे असत. यांतले दुसरे वर्ष सर्वांत धाकाचे. इंटर सायन्सच्या गुणांवर वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडत किंवा मिटत. (अकरा वर्षांची शाळा धरून बेरीज केली, तर जुने इंटर आजच्या एफ. वाय.च्या जागी येते, एस. वाय.च्या नव्हे. या हिशेबाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.)

सिंध प्रांत १९३६ मध्ये मुंबई इलाख्यातून वेगळा झाला, पण तेथील महाविद्यालये त्यानंतरही मुंबई विद्यापीठालाच संलग्न होती. कराचीचे डी. जे. सिंध कॉलेज १८८७ पासूनचे. सिंधमधल्या हैदराबादेत डी. जी. नॅशनल कॉलेज होते. म्हणजे हैदराबादचा मुलगा आणि पुण्याच्या फर्ग्युसनमधला मुलगा हे दोघे एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. हा धागा तुटला तो फाळणीच्या तारखेला नव्हे, तर तिच्या चार महिने आधी, एप्रिल १९४७ मध्ये, सिंधचे स्वतंत्र विद्यापीठ कराचीत स्थापन झाले तेव्हा. त्या वर्षी फर्स्ट इयर पार पाडलेली मुले जूनमध्ये इंटरच्या वर्गात परतली, ती अशा नव्या कोऱ्या विद्यापीठाच्या छायेत. ऑगस्टमध्ये देश दुभंगला. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर सिंधी हिंदूंचे निर्गमन फार वेगाने झाले. जूनमध्ये परतलेल्या कितीतरी मुलांचे ते वर्ष तिथेच अर्ध्यावर राहिले.

कराचीहून बोटी मुंबईला लागत. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात उभारलेली लष्करी छावणी रिकामी होती. तिच्या बराकींत सुमारे एक लाख माणसे आणून ठेवण्यात आली. लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे लावून एकेका कुटुंबाची जागा आखली जाई. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून त्याला नाव मिळाले.

या कहाणीत विद्यार्थ्यांइतकेच शिक्षकही परतलेले दिसतात, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. डी. जे. सिंध कॉलेजच्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज काढले. हैदराबादच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज सुरू केले. त्यांच्या मंडळाच्या नावात 'हैदराबाद (सिंध)' हे शब्द राहिले, आणि ते आजही आहेत. ज्या विद्यापीठाचे आपण काही महिन्यांपूर्वीपर्यंत होतो, त्याच विद्यापीठाकडे ही मंडळी पुन्हा आली. फक्त इमारती, ग्रंथालये आणि प्रयोगशाळा मागे राहिल्या होत्या. निर्वासित होऊन आलेल्या शिक्षकांनी दीड-दोन वर्षांत महाविद्यालये उभी केली, या घटनेची नोंद आमच्या शैक्षणिक इतिहासात चार ओळींपलीकडे का जाऊ नये, हे आम्हांस उलगडलेले नाही.

पण छावणीतल्या मुलाच्या दृष्टीने वांद्रे दूर होते. गाडी धरून दादरला यायचे, तिथे पश्चिम रेल्वेची गाडी बदलायची, संध्याकाळी हाच प्रवास उलटा, आणि मग बराकीत अभ्यास. शिवाय घर सावरण्यासाठी टपरीवर, दुकानात हात हवे असत. उल्हासनगरच्या व्यापारी कर्तबगारीवर, विशेषतः 'मेड इन यूएसए' या झिजलेल्या विनोदावर, सगळे हसतात. त्या दुकानांच्या गल्ल्यावर बसण्यासाठी कोणाकोणाची वह्या-पुस्तके बंद झाली, हे त्या विनोदात कुठे येत नाही.

महाविद्यालय खुद्द उल्हासनगरात आले ते १९६१ मध्ये तलरेजा कॉलेजच्या रूपाने, आणि १९६५ मध्ये रेल्वे स्थानकासमोर चांदीबाई हिंमतमल मनसुखानी कॉलेज निघाले. नवे महाविद्यालय निघते तेव्हा पहिल्या वर्षी त्यात सगळेच नवखे असतात. वाट दाखवायला कोणी वरच्या वर्गातला नसतो, परंपरा नसते, अफवासुद्धा नसतात. पुढच्या जूनमध्ये ती मुले परततात आणि आपल्यामागे कोणी नवे उभे आहे असे पाहतात, तेव्हा त्या जागेला महाविद्यालयपण येते. म्हणून स्थापनेच्या तारखेपेक्षा तिच्या पुढचा जून आम्हांस महत्त्वाचा वाटतो. फर्स्ट इयर एका देशात आणि इंटर दुसऱ्या देशात, अशी वेळ ज्या समाजावर आली होती, त्याची धाकटी पिढी त्याच फाटकातून दुसऱ्यांदा आत जात होती.

पुढचे थोडक्यात सांगता येईल. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. १९७५ मध्ये महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी झाली, १९७७ मध्ये पहिली बारावी. इंटर गेले आणि एफ. वाय., एस. वाय., टी. वाय. आले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तर दुसरे वर्ष संपवून पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय ठेवली आहे. मध्येच सोडणे हे पूर्वी नशिबाचे काम होते, आता ते नियमात बसले.

आम्ही अंबरनाथ-बदलापूरकडची मराठी मुले या सिंधी संस्थांत शिकलो ते नव्वदच्या दशकात. एस. वाय.च्या जूनमध्ये चिंता एकच असे: एटीकेटी लागली की सुटलो. बाहेर दाल-पकवान खाता खाता विषयांची मोजदाद चाले. 'अलाउड टु कीप टर्म्स', राहिलेले विषय घेऊन पुढे जाण्याची मुभा; आम्ही त्याची चेष्टा करीत असू.

वर्गातल्या एका मित्राचे आजोबा तीन नंबर कॅम्पात राहत. आमच्याकडे दादा म्हणजे थोरला भाऊ, त्यांच्याकडे आजोबा. आम्हीही त्यांना दादाच म्हणत असू. हैदराबादेत त्यांचे फर्स्ट इयर झाले होते. मुंबईस आल्यावर कापडाचे दुकान. आम्ही दुसऱ्या वर्षाला गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "म्हणजे इंटर?" आम्ही वहीच्या मागच्या पानावर बेरीज मांडून दाखविली, की इंटर आता राहिले नाही आणि एस. वाय. म्हणजे जुने ज्युनियर धरावे. त्यांनी चष्मा लावून सगळे पाहिले, वही परत दिली, आणि नातवाला म्हणाले, "इंटरची पुस्तकं घेतलीस की नाही? उद्या पाऊस असला तरी जा."